चिन्हाचं नावच माहीत नसेल तर शोधायचं कसं? (माझा अनुभव)

महापेच्या ऑफिसात रस्ट या प्रोग्रामिंग भाषेतला कोड वाचताना 'कलेक्ट' या फंक्शनच्या नावापुढे ::<> दिसलं. तसंच सर्चला टाकलं, हाती काहीच नाही. सर्च इंजिन बहुतेक विरामचिन्हं गाळूनच टाकतं. याला म्हणतात 'टर्बोफिश' (फंक्शनला कोणत्या प्रकारचा डेटा हवा ते सांगणारं चिन्ह), पण हे नाव आधी ठाऊक असणार कुणाला?

त्यात ते दोन कोलन विसरलात, तर कंपायलर (कोड तपासून चालवण्याजोगा करणारा प्रोग्रॅम) < ला 'पेक्षा लहान' समजतो आणि तुलनेची चिन्हं साखळीत जोडता येत नाहीत, अशी तक्रार करतो. ती ओळ शोधलीत की भलत्याच पानांवर भरकटाल. खरं उत्तर त्याच एररखालच्या 'हेल्प'च्या ओळीत असतं.

उपाय: टर्मिनलमध्ये 'रस्टअप डॉक' (rustup doc, रस्टची माहितीपानं उघडणारी कमांड) चालवून रस्टचं पुस्तक उघडा, परिशिष्ट 'बी'मध्ये जा आणि त्या पानावर ::< शोधा. चिन्ह, अर्थ आणि 'टर्बोफिश' हे नाव एकाच ओळीत मिळतं. सगळं ऑफलाइन, त्यामुळे ठाणे-वाशी लोकलमध्ये नेटवर्क गेलं तरी अडत नाही. 'मिनिमल' प्रोफाइलने, म्हणजे कमीत कमी भाग घेऊन, रस्ट इन्स्टॉल केलं असेल तर मात्र 'रस्ट-डॉक्स' हा माहितीपानांचा कंपोनंट आधी जोडावा लागतो.

हास्केल या दुसऱ्या भाषेवाल्यांना हे सुख आहे: त्यांच्या 'हूगल' या सर्च इंजिनमध्ये <$> थेट टाकलं तरी सापडतं.

आता असं चिन्ह कोडमध्ये पहिल्यांदा आलं की वर कॉमेंटमध्ये त्याचं नाव लिहितो. नव्या माणसाला शोधायला एक शब्द तरी मिळतो.