जुन्या कॅमेऱ्याला गोंद कुठला लावायचा?
पहिलं म्हणजे फेविक्विक लांब ठेवा. त्याची वाफ काचेवर बसून पांढुरका थर येतो, माझ्या याशिका कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरची (डोळा लावून बघायच्या खिडकीची) काच तशीच गेली, आणि त्यात गोव्यातला पावसाळा, दमट हवेत तर हा त्रास जास्तच. बॉडीचं लेदर सुटलं असेल तर फेविबॉण्डसारखा रबरवाला गोंद दोन्ही बाजूंना अगदी पातळ लावा, 10-15 मिनिटं थांबा, बोटाला चिकटेनासा झाला की मगच दाबा. लेदरखाली बरेचदा स्क्रू असतात, उद्या परत उघडावं लागणार, म्हणून एपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा, कायमचा घट्ट होणारा गोंद) नकोच. मागच्या दाराचा फोम (उजेड आत जाऊ नये म्हणून लावलेली पट्टी) डांबरासारखा चिकट झालाय? आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि टूथपिकने हळू खरवडा, शटरच्या पडद्यावर थेंब पाडू नका हां. नवा फोम मागे गोंद असलेलाच घ्या.