४ टीबीच्या डिस्कवर विंडोज बसत नसेल तर आधी हे बघा

निपाणी, चिकोडी, खानापूरकडचे लग्नाचं शूटिंग करणारे स्टुडिओवाले आता सरळ ४ टीबीची हार्डडिस्क घेतात, आणि पीसीत लावून विंडोज टाकायला बसलं की दोनपैकी एक होतंय. एकतर २०४८ जीबीच वापरता येते आणि उरलेली साधारण १६७८ जीबी अनअलोकेटेड (कुठल्याच पार्टिशनमध्ये नसलेली) म्हणून नुसती पडून राहते, नाहीतर या डिस्कवर विंडोज बसवता येत नाही असा मेसेज येतोय. मग पार्टिशन डिलीट कर, परत बनव, परत डिलीट कर, यातच सगळी दुपार जाते. डिस्क खराब नसते ओ, तिचं पार्टिशन टेबल बघा, म्हणजे डिस्कवर कुठला भाग कुठं आहे याची नोंद; ती एमबीआर या जुन्या नाहीतर जीपीटी या नव्या पद्धतीची असते. (आणि ४ टीबीची ३.६ दाखवते म्हणून दुकानदाराशी भांडू नका, कंपनी १००० नं मोजते, विंडोज १०२४ नं.)

एमबीआर टेबल सेक्टरचा (डिस्कवरच्या छोट्या कप्प्याचा) नंबर ३२ बिटात लिहितंय, सेक्टर ५१२ बाईटचा, त्यामुळं २ टीबीच्या पुढचा पत्ताच त्याला लिहिता येत नाही. जीपीटीला ही अडचण नाही, पण जीपीटी डिस्कवरनं विंडोज बूट व्हायला यूईएफआय (मदरबोर्डवरचं, जुन्या बायोसच्या जागी आलेलं सॉफ्टवेअर) लागतंच.

म्हणून पहिल्यांदा बूट मेनू, म्हणजे पीसी कशावरनं सुरू करायचा ती यादी, बघा. एकच पेनड्राईव्ह तिथं बऱ्याचदा दोनदा दिसतो, एकाच्या पुढं यूईएफआय लिहिलेलं असतं, तोच घ्यायचा. तसा दिसतच नसेल तर बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीनं बूट करायची सोय) बंद करा आणि पेनड्राईव्ह रूफस या बूट पेनड्राईव्ह बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये जीपीटी निवडून परत बनवा.

आता डिस्क. आधी बाकीच्या सगळ्या डिस्कच्या केबल काढा, हे मी कळकळीनं सांगतोय, कारण पुढची कमांड चुकीच्या डिस्कवर चालली तर लोकांच्या लग्नाचे व्हिडिओ गेले म्हणूनच समजा. सेटअपच्या स्क्रीनवर शिफ्ट आणि एफ१० दाबा, काळी विंडो येईल, डिस्कपार्ट टाईप करा, मग लिस्ट डिस्क. जीपीटीच्या खाली स्टार नसेल तर ती डिस्क जीपीटी नाही. साईज बघून नंबर पक्का करा, सिलेक्ट डिस्क आणि तो नंबर, मग क्लीन (यानं डिस्क पुसली जाते), मग कन्व्हर्ट जीपीटी. विंडो बंद करून रिफ्रेश करा, पूर्ण जागा एकसलग दिसेल, तीच निवडून नेक्स्ट करा, छोटी पार्टिशनं विंडोज आपलं आपण बनवतंय.

जुनं विंडोज १० तसंच ठेवून बदलायचं असेल तर एमबीआरटूजीपीटी टूल आहे, १७०३ व्हर्जनपासून विंडोजमध्येच येतंय, पण आधी त्याचं व्हॅलिडेट (नुसती तपासणी) चालवा, बॅकअप घ्या आणि यूपीएस असल्याशिवाय हात लावू नका, आपल्याकडं करंट कधी जाईल भरवसा नाही.

आणि बोर्ड इतका जुना असेल की यूईएफआयच नाही, तर विंडोज छोट्या एसएसडीवर एमबीआरमध्येच टाका आणि ४ टीबी जीपीटी करून नुसती डेटाला ठेवा, त्याला यूईएफआय लागत नाही.