युनियनचं शिफारस-कार्ड आलं. आता मत कसं ठरवायचं?

कॅलिफोर्नियात ऑक्टोबर उजाडला की घरच्या पत्रपेटीत कागदांचा नुसता पाऊस पडतो. काउंटीने पाठवलेली मतपत्रिका, राज्य सरकारची जाडजूड माहितीपुस्तिका, उमेदवारांचे सहकुटुंब हसरे फोटो. घरातलं कुणी शाळेत, इस्पितळात, काउंटीच्या ऑफिसात किंवा विद्यापीठात नोकरीला असेल, तर त्यांच्या युनियनचं एक कार्डही येतं. राज्याच्या पदांपासून पाणी मंडळापर्यंत नावांची यादी आणि प्रत्येक प्रपोझिशनपुढे, म्हणजे मतदारांनी थेट मत द्यायच्या कायद्याच्या प्रस्तावापुढे, ‘होय’ किंवा ‘नाही’. काही जण ते शेजारी ठेवून जसंच्या तसं मतपत्रिकेवर उतरवतात, काही जण न वाचताच रद्दीत टाकतात.

माझ्या मते दोघंही एक गोष्ट विसरतात. पगारवाढीच्या वाटाघाटीत टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत कोण बसलेलं बरं, याबद्दल युनियनने केलेला हिशोब त्या कार्डावर असतो. तो हिशोब कुठे उपयोगी पडतो आणि कुठे नाही, हे ओळखता आलं की काम सोपं होतं.

मुंबईत वाढलेल्या आपल्या मंडळींनी आधी एक जुनं चित्र बाजूला ठेवावं. तिथे इंटक काँग्रेसची, सिटू मार्क्सवाद्यांची, भारतीय कामगार सेना शिवसेनेची. नाहीतर पुढारी स्वतःच रिंगणात उतरायचे: 1967 ला जॉर्ज फर्नांडिस, गिरणी संपानंतर 1984 ला दत्ता सामंत. अमेरिकेतली युनियन कुठल्या पक्षाची शाखा नसते. तिच्या बहुतेक शिफारशी डेमोक्रॅट उमेदवारांना जातात हे खरं, पण निर्णय जागेगणिक होतो. शिवाय कॅलिफोर्नियात नगर परिषद, शाळा मंडळ, काउंटी सुपरवायझर (काउंटीचा कारभार पाहणारे निवडून आलेले सदस्य) या पदांच्या उमेदवारांपुढे मतपत्रिकेवर पक्षाचं नावच छापत नाहीत.

आधी मताचा हक्क तपासा

राज्याच्या निवडणुकीत मत फक्त अमेरिकन नागरिकाला. एच-1बी किंवा ग्रीन कार्डवर असताना युनियनचं सभासद होता येतं, वर्गणी भरता येते, शिफारशीचं कार्डही घरी येतं. मत मात्र देता येत नाही. दारावर आलेल्या उत्साही कार्यकर्त्याने मतदार नोंदणीचा फॉर्म पुढे केला, तरी नागरिक नसाल तर सही करू नका. त्यापायी पुढे नागरिकत्वाचा अर्ज अडकतो, प्रकरण हद्दपारीपर्यंतही जाऊ शकतं. सॅन फ्रान्सिस्कोत शाळा मंडळाच्या निवडणुकीपुरती बिगर-नागरिक पालकांना मताची मुभा आहे, पण इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय त्या वाटेलाही जाऊ नये.

कार्ड नक्की कुणी पाठवलंय?

ही पायरी सगळ्यात जास्त लोक गाळतात, म्हणून इथे जरा थांबू.

कार्ड उलटं करून बारीक अक्षरं वाचा. खऱ्या युनियनच्या कार्डावर तुमच्या लोकलचा, म्हणजे युनियनच्या स्थानिक शाखेचा, क्रमांक किंवा जिल्ह्याच्या कामगार परिषदेचं नाव असतं; लॉस एंजेलिस काउंटी फेडरेशन ऑफ लेबर ही अशीच एक परिषद. याउलट ‘मतदार मार्गदर्शिका’ छापाचं भारदस्त नाव घेऊन येणारे कागद बरेचदा धंद्याचा भाग असतात. त्यांना स्लेट मेलर म्हणतात आणि त्यांवरची जागा उमेदवार विकत घेतात. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार पैसे भरलेल्या नावापुढे तारांकन छापावं लागतं. यादीत तारे चमकताना दिसले की समजावं, ही जाहिरात आहे. शिक्षक, अग्निशामक किंवा पोलिसांचं चित्र छापलं म्हणून तो त्यांच्या युनियनचा कागद ठरत नाही.

आणखी एक फसवी खूण आहे. कागदाच्या कोपऱ्यात, बहुधा पत्त्याजवळ, मुंगीएवढा शिक्का असतो. त्याला ‘युनियन बग’ म्हणतात. त्याचा अर्थ इतकाच, की छपाई युनियनच्या छापखान्यात झाली. कामगारांची मतं हवी असलेला जवळपास प्रत्येक उमेदवार हा शिक्का मारून घेतो. त्यावरून युनियनचा पाठिंबा गृहीत धरू नका.

शंका आलीच तर युनियनच्या वेबसाइटवरची यादी आणि हातातलं कार्ड ताडून पाहा. एवढ्यात काम होतं.

शिफारस ठरते कशी?

उमेदवारांकडे आधी लांबलचक प्रश्नावली जाते. शाळेतली साफसफाई खासगी ठेकेदाराला द्याल का? सरकारी बांधकामावर प्रचलित वेतनदर पाळायला लावाल का? कामगार युनियन बांधत असताना तटस्थ राहाल का? संपाच्या वेळी पिकेट लाइन, म्हणजे दारावर धरलेली संपकऱ्यांची रांग, ओलांडाल का? मग मुलाखत होते, समिती आपलं मत मांडते आणि प्रतिनिधींच्या बैठकीत मतदान होतं. राज्य पातळीवर कॅलिफोर्निया फेडरेशन ऑफ लेबर युनियन्समध्ये शिफारशीसाठी साधं बहुमत पुरत नाही, दोन तृतीयांश मतं लागतात. म्हणून एखाद्या जागेपुढे ‘शिफारस नाही’ असं दिसलं तर तो निष्काळजीपणा समजू नका. बहुतेक वेळा आत दोन गट भांडले आणि कुणालाच तेवढी मतं जमवता आली नाहीत, असा त्याचा अर्थ असतो. दोन उमेदवारांची नावं एकत्र दिसली, तर दोघंही चालतील म्हणून युनियनने हात झटकलेले असतात.

प्रश्नावलीत काय नसतं, तेही लक्षात घ्या. तुमच्या गल्लीतली वाहतूक, ग्रंथालयाच्या वेळा, नवी घरं बांधू द्यायची की नाही, यांवर तिथे फारसं विचारलेलं नसतं. ते तुम्हालाच शोधावं लागतं.

मतपत्रिकेचे तीन ढीग करा

पहिल्या ढिगात अशी पदं, जिथे निवडून येणारा माणूस थेट त्या युनियनचा मालक होतो. शाळा मंडळ शिक्षकांशी करार करतं, काउंटीचे सुपरवायझर नर्सेस आणि समाजसेवा कर्मचाऱ्यांशी. इथे युनियनची माहिती सर्वांत पक्की असते, कारण या लोकांशी तिचा रोजचा संबंध. पण तिचा स्वार्थही इथेच सर्वांत मोठा. तुम्ही त्याच युनियनचे सभासद असाल तर तो स्वार्थ तुमचाही आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. नुसते पालक किंवा करदाते असाल तर शिक्षक युनियनचं मत ऐका आणि दुसऱ्या बाजूचंही तेवढ्याच कानाने ऐका.

दुसऱ्या ढिगात राज्याची विधानसभा, सिनेट, गव्हर्नर. इथे कामगार कायदे होतात, त्यामुळे शिफारशीला वजन आहे. विद्यमान आमदार असेल तर कुठल्या विधेयकावर त्याने काय मत दिलं याची नोंद सगळ्यांना खुली असते. दोन-तीन विधेयकं तपासली तरी अंदाज येतो.

तिसरा ढीग न्यायाधीश, पाणी मंडळ, असल्या पदांचा. युनियन यांवर अनेकदा गप्पच असते, आणि बोलली तरी मी ते फार मनावर घेत नाही. ठरवता आलं नाही तर ती जागा कोरी सोडा. एक जागा कोरी राहिली म्हणून बाकीची मतं बाद होत नाहीत.

प्रायमरीचं, म्हणजे मुख्य निवडणुकीआधीच्या पहिल्या फेरीचं, कार्डही टाकू नका. 2012 पासून इथे राज्याच्या पदांसाठी पहिले दोन उमेदवार, पक्ष कुठलाही असो, पुढे जातात. कधी दोघंही एकाच पक्षाचे निघतात. काउंटीच्या पदांवर तर प्रायमरीतच निम्म्याहून जास्त मतं पडली की तिथेच निकाल लागतो. पक्ष पाहून काही कळत नाही तेव्हा शिफारस खरी कामाला येते. 2018 मध्ये राज्याच्या शिक्षण अधीक्षकपदाच्या लढतीत टोनी थर्मंड आणि मार्शल टक दोघंही डेमोक्रॅट होते. शिक्षक युनियन थर्मंडच्या मागे, चार्टर शाळांचे (सरकारी पैशावर पण स्वतंत्र व्यवस्थापनाखाली चालणाऱ्या शाळांचे) समर्थक टकच्या मागे. एवढं कळलं की लढत कशाबद्दल आहे ते कळलं. थर्मंड थोडक्यात जिंकले.

प्रपोझिशन: पैसा कुठून आला ते बघा

इथे माणसाऐवजी कायद्यालाच मत द्यायचं असतं आणि भाषा मुद्दाम गुळगुळीत केलेली असते. सरकारी माहितीपुस्तिकेत विधिमंडळाच्या विश्लेषक कार्यालयाचं विवेचन छापतात. ‘होय’ म्हटलं तर काय होईल, ‘नाही’ म्हटलं तर काय, खर्च किती, हे त्यात साध्या वाक्यांत मिळतं. आधी ते वाचा, युनियनचं कार्ड नंतर.

मग प्रचाराचे पैसे कुणी दिले ते पाहा. जाहिरातींवर मोठ्या देणगीदारांची नावं छापावी लागतात. 2020 चं प्रपोझिशन 22 आठवा. अॅपवर गाडी चालवणारे ड्रायव्हर कर्मचारी की स्वतंत्र कंत्राटदार, हा प्रश्न होता. उबर, लिफ्ट, डोअरडॅश वगैरे कंपन्यांनी ‘होय’साठी 20 कोटी डॉलरहून जास्त ओतले, युनियन विरोधात होत्या आणि ‘होय’ जिंकलं. 2024 मध्ये किमान वेतन ताशी 18 डॉलर करणारं प्रपोझिशन 32 युनियनचा पाठिंबा असूनही थोडक्यात पडलं. म्हणजे शिफारशीवरून निकालाचं भाकीत करायला जाऊ नका.

शाळांच्या इमारतींसाठी काढलेल्या रोख्यांना बांधकाम कामगारांच्या युनियनचा पाठिंबा जवळपास ठरलेलाच असतो, कारण त्यातून त्यांना काम मिळतं. तुम्ही पाहायचं ते इतकंच, की घरपट्टीत किती भर पडणार आणि पैसा कशावर खर्च होणार. हे स्थानिक रोखे मंजूर व्हायला 55 टक्के मतं लागतात.

दोन युनियन दोन तोंडं

घरात नवरा बांधकामात आणि बायको शाळेत असेल तर दोन वेगळी कार्डं येऊ शकतात, आणि असा मतभेद बघायला मला आवडतो, कारण खरी माहिती तिथेच मिळते. शिकागोचं उदाहरण घ्या. 2023 च्या महापौरपदाच्या फेरलढतीत शिक्षकांची युनियन ब्रँडन जॉन्सनच्या मागे होती. ते तिचेच संघटक. पोलिसांची संघटना पॉल व्हॅलस यांच्या बाजूने, आणि अवजड यंत्रं चालवणाऱ्यांची लोकल 150 सुद्धा. प्रत्येकाचा हिशोब आपापल्या कामाचा. जॉन्सन जिंकले.

आपल्या ओळखीच्या नावाचंही एक उदाहरण आहे. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार 2018 मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक प्रायमरीत उभे होते. मोटार कामगारांची युनियन ग्रेचेन व्हिटमरच्या मागे होती. मराठी माणूस म्हणून ठाणेदारांबद्दल आपुलकी वाटणं स्वाभाविक, पण मिशिगनमधल्या मराठी मतदाराने दोन्ही नावांना तेच प्रश्न विचारायला हवे होते.

मत भरा, सही करा

कॅलिफोर्नियात प्रत्येक नोंदणीकृत मतदाराला मतपत्रिका टपालाने येते, मतदानाच्या 29 दिवस आधी पाठवायला सुरुवात होते. एका संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर कार्ड, पुस्तिका, मतपत्रिका मांडून बसा. आधी पेन्सिलीने काउंटीच्या पुस्तिकेतल्या नमुना मतपत्रिकेवर खुणा करा, मग खरीवर उतरवा. पाकिटावरची सही विसरू नका आणि ती नोंदणीतल्या सहीशी जुळेल अशी करा. लायसन्सवर इंग्रजी सही आणि पाकिटावर मराठी, असं झालं तर काउंटीचं पत्र येतं, मग ती दुरुस्त करून द्यावी लागते. मतदानाच्या दिवसापर्यंतचा टपालाचा शिक्का असलेलं पाकीट सात दिवसांत पोचलं तर चालतं; ड्रॉप बॉक्समध्ये टाकलं तर टपालाची धास्तीच नको.

मत कुणाला दिलं हे युनियनला कधीच कळत नाही. मात्र पाकीट पोचलं की नाही हे प्रचार यंत्रणांना मिळणाऱ्या यादीत दिसतं. म्हणून लवकर मत दिलंत की दारावरची टकटक आणि फोनही कमी होतात.

शिफारस पटली नाही तर शॉप स्टुअर्डकडे (कामाच्या जागेवरच्या युनियन प्रतिनिधीकडे) त्या उमेदवाराची प्रश्नावली मागा आणि पुढच्या वेळी शिफारस समितीत बसायची तयारी दाखवा. युनियनच्या सभासद अर्जावर राजकीय निधीसाठी वेगळा रकाना असतो, त्याला बहुतेक ठिकाणी ‘कोप’ म्हणतात. ही रक्कम ऐच्छिक असते, नेहमीच्या वर्गणीत धरलेली नसते. एच-1बीवर असाल तर तो रकाना कोराच ठेवा, कारण परदेशी नागरिकाने निवडणुकीसाठी पैसे देणं बेकायदा आहे. ग्रीन कार्डधारकाला ही बंदी नाही. आधी त्यावर खूण केलेली असेल आणि आता नको असेल तर लोकलच्या ऑफिसला लेखी कळवून कपात थांबवता येते.