विडी सोडल्यावर खोकला वाढला तर काय करावं?

आमच्या आप्पांनी पहिल्यांदा विडी सोडली ती २१ दिवसांसाठी. अमळनेरजवळच्या आमच्या गावी ४० वर्षं कपाशीत राबलेला माणूस, दिवसाला दीड बंडल ठरलेलं. पहिल्या आठवड्यातली चिडचिड घरातल्या सगळ्यांनी सोसली. दुसऱ्या आठवड्यात मात्र खोकला वाढला. पहाटे ओट्यावर बसून ते खोकायचे आणि काळपट, चिकट कफ पडायचा. "विडी सोडी तर खोकला वाढी गया, मंग काय फायदा?" असं म्हणत २२व्या दिवशी त्यांनी पुन्हा कानामागे विडी खोचली. तो खोकला कशाचा, हे आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर मधली चार वर्षं वाया गेली नसती.

श्वासनळीला आतून अगदी बारीक लव असते. दादर ज्वारीच्या शेतावरून वारा जावा तशी ती सारखी लहरत असते, सेकंदाला सुमारे १० वेळा, आणि धूळ, जंतू, कफ असं सगळं वर घशाकडे ढकलत राहते. विडी-सिगारेटच्या धुराने ही लव लुळी पडते, झडते. मग कफ खालीच साचतो. धूर थांबला की काही आठवड्यांत लव पुन्हा हलायला लागते आणि साचलेलं वर आणू लागते. म्हणून सुरुवातीला काहींचा खोकला वाढतो. सगळ्यांचा वाढतोच असं नाही. पुढे एक ते नऊ महिन्यांत खोकला आणि दम लागणं हळूहळू कमी होतं.

दिवस ठरवा, पण विचार करून

आपल्याकडे सालदाराचं वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला संपतं, म्हणून पुष्कळजण आखाजीलाच विडी सोडायचं ठरवतात. पण त्या दिवशी गावोगावी पत्त्यांचे डाव बसतात आणि डावात विडी हातोहात फिरते. त्यापेक्षा वेगळाच दिवस धरा. आदल्या रात्री खिशातली, ट्रॅक्टरमधली, देवळीतली सगळी बंडलं काढून टाका, काडेपेटी बायकोच्या ताब्यात द्या. "कमी करतो" म्हणू नका. विडीचं टेंभुर्णीचं पान नीट जळत नाही, ती विझू नये म्हणून झुरके लवकर लवकर आणि जोरात घ्यावे लागतात. त्यामुळे विडी लहान असली तरी धूर काही कमी जात नाही.

आणि विडीच्या जागी तंबाखू-चुना, गुटखा किंवा मिसरी आणू नका. फुफ्फुसं सुटतील, तोंड अडकेल.

पहिले तीन दिवस

शेवटच्या झुरक्यानंतर साधारण २० मिनिटांत नाडीचा वेग उतरायला लागतो. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात प्राणवायूच्या जागा अडवून बसलेला असतो, तो दिवसभरात निघून जातो. शरीराचं काम इतक्या लवकर सुरू होतं, पण माणसाला ते जाणवत नाही. त्याला जाणवते ती तलफ. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती सगळ्यात जोरात असते, आणि दोन ते चार आठवड्यांत बरीच निवते. एकेक तलफ काही मिनिटांचीच असते. तेवढ्यात उठा, पाणी प्या, गोठ्यात जाऊन या. सोसत नसेल तर निकोटिनचं च्युइंगम मिळतं, ते साध्या च्युइंगमसारखं सतत चघळायचं नाही. थोडं चावून गालात धरायचं, चव गेली की पुन्हा चावायचं. किती आणि किती दिवस, ते डॉक्टरांना विचारून ठरवा. तंबाखू सोडण्यासाठीचा राष्ट्रीय मोफत क्रमांक १८००-११-२३५६ पाकिटांवर छापलेला असतो. तो लावायला संकोच करू नका.

कफ काढायला शिका

ही पायरी आम्हाला कुणी सांगितली नव्हती. आप्पा जीव खाऊन खोकायचे, बरगड्या दुखेपर्यंत, आणि तरी कफ अडकलेलाच. दुसऱ्या वेळी विडी सोडली तेव्हा दवाखान्यातल्या एका ताईंनी त्यांना खुर्चीवर बसवून शिकवलं.

पाय जमिनीला टेकवून ताठ बसायचं, जरा पुढे झुकायचं. नाकाने सावकाश श्वास भरायचा, दोन-तीन सेकंद धरायचा. मग आरसा पुसण्यापूर्वी त्यावर वाफ सोडतो तसं तोंड उघडं ठेवून "हाः" करत श्वास बाहेर ढकलायचा. घसा आवळायचा नाही, जोर पोटाचा लावायचा. असं दोन-तीनदा केलं की कफ वर येतो, मग एकदाच खोकून थुंकायचा. मध्ये थोडा वेळ साधा श्वास घ्यायचा, नाहीतर गरगरतं. आप्पा हे पहाटे चहाआधी दहा मिनिटं करायचे. दिवसभर पाणी पीत राहिलं की कफ पातळ राहतो, आणि आपल्याकडच्या वैशाखात तर पाणी लागतंच.

गूळ खाल्ल्याने किंवा काढा प्यायल्याने फुफ्फुसं धुऊन निघतात असं गावात अजून सांगतात. गूळ पोटात जातो, फुफ्फुसात नाही. आवडतो म्हणून खा.

चाला, आणि मोजा

रोज एकाच वाटेने चाला. घरापासून विहिरीपर्यंत किंवा स्टेशनच्या पुलाचा जिना, काहीही चालेल. कितीदा थांबावं लागलं ते दर रविवारी कॅलेंडरवर लिहा. दोन आठवडे ते तीन महिने या काळात रक्ताभिसरण आणि फुफ्फुसाचं काम सुधारायला लागतं, आणि ते या आकड्यांत दिसतं. दम लागला तर नाकाने दोन मोजेपर्यंत श्वास घ्या, ओठांचा चंबू करून चार मोजेपर्यंत सोडा. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत उरका.

बाकीचा धूरही धूरच

विडी सुटली आणि चूल, शेकोटी, जिनिंगमधला कापसाचा कण तसाच राहिला, तर लव सावरायला वेळ लागतो. जिनमध्ये काम असेल तर मास्क लावा, नसेल तर रुमाल तरी बांधा. हिवाळ्यातल्या भरीत पार्टीला मात्र मी खास जपायला सांगेन. कपाशीच्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजताना धूर जातो त्याच्या उलट्या बाजूला बसा. कळण्याची भाकरी आणि भरीत खाऊन झालं की कुणीतरी बंडल पुढे करतोच. सुटलेली विडी तिथेच परत लागते. हात धुतले की उठायचं, हे घरून ठरवूनच निघा.

तपासणी

खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला, तर "विडी सोडल्याचा असेल" असं म्हणून सोडून देऊ नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात थुंकीची तपासणी करून घ्या, क्षयाची तपासणी आणि उपचार सरकारी केंद्रात मोफत होतात. कफात रक्त, संध्याकाळचा ताप, उतरणारं वजन, छातीत दुखणं, यातलं काही असेल तर त्याच दिवशी जा. खूप वर्षं ओढलेल्यांनी एकदा स्पायरोमेट्री, म्हणजे श्वासाची ताकद मोजायची तपासणी करावी. नळीत जोरात फुंकायचं असतं, सुई नाही, दुखत नाही.

आता एक खरं सांगायलाच हवं. फुफ्फुसातले हवेचे बारीक फुगे एकदा फाटले की ते पुन्हा तयार होत नाहीत. पण विडी ओढणाऱ्याची श्वासाची ताकद दरवर्षी ज्या वेगाने घटते, तो वेग सोडल्यावर मंदावतो. फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका ओढत राहिलेल्यांच्या तुलनेत १० वर्षांनी साधारण निम्म्यावर येतो. हृदयविकाराचा वाढलेला धोका तर एका वर्षातच जवळपास निम्मा होतो.

आप्पांचे काही फुगे गेलेच होते. त्यांना इनहेलर लागतो, तो आता कायमचाच. विडी दुसऱ्यांदा सोडली तेव्हा विहिरीपर्यंत जाताना ते चारदा थांबायचे. सहाव्या महिन्यातल्या कॅलेंडरवर त्यांच्या वाकड्या अक्षरात लिहिलेलं आहे, "१ वेळ, निंबाखाली".