शियोंचा किल्ला बघताना दार शेवटी

तिकीट काढून लगेच आत शिरू नका. मी पहिल्या खेपेला तेच केलं. दोन तास खोल्यांमागून खोल्या पाहिल्या आणि बाहेर आल्यावर कुठली खोली कुठे होती, हेच सांगता येईना. पुढच्या खेपेला स्वित्झर्लंडमधल्या मोंत्रो गावाहून जिनिव्हा सरोवराच्या काठाकाठाने पाऊण तास चालत गेलो, तेव्हा कुठे किल्ला उलगडला.

पोचलात की आधी किल्ल्याकडे पाठ करून डोंगर बघा. इथे तो जवळजवळ पाण्यातच उतरतो. आजचा रस्ता आणि रेल्वेसुद्धा त्या चिंचोळ्या पट्टीतून अंग चोरून जातात. ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीतून इटलीला जाणारी जुनी वाट इथूनच जायची. साव्हॉय या आल्प्समधल्या संस्थानाच्या काउंटांनी (सरदारांनी) बाराव्या शतकात ही जागा धरली ती जकातीसाठी.

आता वळा. जमिनीकडच्या अंगाला तीन अर्धगोल बुरूज आहेत, त्यांत अरुंद जंग्या. वर तटाबाहेर काढलेल्या सज्ज्याच्या तळाशी भोकं दिसतील. भिंतीशी आलेल्याच्या डोक्यात दगड घालायची ती सोय. किल्ला खडकाच्या बेटावर आहे, म्हणून काठ आणि बेट यांमधली पाण्याची चीर हाच खंदक.

मग पाण्याकडची बाजू बघा, जमल्यास बोटीतून. हा दुसराच किल्ला वाटतो: मोठ्या कमानदार खिडक्या, राहण्याची दालनं. तेराव्या शतकात साव्हॉयच्याच पिएर दुसरा याने किल्ला वाढवला, तेव्हा या अंगाची भीती त्यांना फारशी नव्हती. सरोवरात गलबतं त्यांचीच होती. (1536 मध्ये बर्नच्या फौजेने जमिनीवरून वेढा घातला आणि जिनिव्हाच्या नावा पाण्यातून आल्या. किल्ला पडला.)

हे दोन चेहरे डोक्यात ठेवून आत जा. चौक एकाहून जास्त आहेत. प्रत्येक चौकात उभं राहून डोंगर कुठे आणि पाणी कुठे, एवढं ठरवून घ्या, म्हणजे वाट चुकत नाही. काउंटच्या शयनगृहात चौदाव्या शतकातली भित्तिचित्रं उरली आहेत. फिकट झाली आहेत, डोळे सरावेपर्यंत थांबा, प्राणी हळूहळू दिसू लागतात. शस्त्रांच्या दालनात मी फार रेंगाळलो नाही.

तळघर मात्र शेवटी. खांब आणि कमानींमुळे ते चर्चसारखं दिसतं, आणि एका बाजूची भिंत म्हणजे बेटाचा उघडा खडकच. साव्हॉयच्या विरोधात गेलेला जिनिव्हाचा फ्रांस्वा बोनिव्हार इथे खांबाला साखळीने बांधलेला होता, 1536 साली बर्नवाल्यांनी सोडवेपर्यंत. गर्दी त्याच्या खांबापाशी असते. तुम्ही उलट, पाण्याकडच्या झरोक्यांखाली उभे राहा. दुपारनंतर ऊन लाटांवरून उलटून आत येतं आणि कमानींवर हलत राहतं.