आर्क्टिकच्या कॅलॅनसची वाढ आणि चरबी कशी मोजायची

आर्क्टिकच्या पाण्यात कॅलॅनस नावाचे कोपेपॉड असतात. जवळा-कोळंबी ज्या कवचवाल्या प्राण्यांच्या गटात येतात त्याच गटातले, पण बहुतेक तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान, आणि या एवढ्याशा जिवाच्या कोरड्या वजनातला निम्म्याहून जास्त भाग उन्हाळा संपताना नुसती चरबी असू शकतो. याच चरबीवर पोलर कॉड मासा जगतो, लिटल ऑक पक्षी पिल्लं वाढवतात, बोहेड देवमासा पोट भरतो. ती मोजायला दर वेळी महागडी केमिस्ट्री लागतेच असं नाही, चांगला स्टिरिओ मायक्रोस्कोप, कॅमेरा आणि भरपूर संयम असला तरी खूप काम होतं. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर न्यू-ओलेसुंदमध्ये भारताचं हिमाद्री संशोधन स्टेशन २००८ पासून आहे, गोव्यात वास्कोची एनसीपीओआर ही ध्रुवीय संशोधन संस्था ते चालवते, तर तिथे किंवा दुसऱ्या कुठल्या टीमबरोबर जायची संधी मिळालेल्या किंवा इथे बसून तिकडचे फोटो मोजणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहितेय.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, लांबी आणि चरबी ही दोन वेगवेगळी खाती आहेत. कोपेपॉडचं कवच कडक असतं, त्यामुळे त्याची लांबी फक्त कात टाकली की वाढते, मधल्या काळात तो कितीही खाऊ दे लांबी तिथेच अडकलेली. चरबी मात्र आत रोज थोडी थोडी भरत असते नाहीतर जळत असते. म्हणजे एकाच लांबीचे दोन प्राणी घेतले तर एक टम्म भरलेला आणि दुसरा जवळपास रिकामा असं सर्रास दिसतं. नुसती लांबी मोजून 'यंदा वाढ चांगली आहे' असं लिहिलेले रिपोर्ट बघितले की मला खरंच वाईट वाटतं, कारण अर्धी गोष्ट त्यात आलेलीच नसते.

आता थोडी पूर्वतयारी. अंड्यातून बाहेर आल्यावर सहा नॉप्लियस म्हणजे अगदी लहान पिल्लांच्या अवस्था, मग पाच कोपेपोडाइट म्हणजे प्रौढासारख्या दिसणाऱ्या पिल्लांच्या अवस्था, सी-१ ते सी-५, आणि मग प्रौढ, ज्याला आपण सी-६ म्हणतो. पहिल्या दोन नॉप्लियस अवस्था काही खातच नाहीत, अंड्यातल्या शिदोरीवर चालतात, तिसरीपासून खाणं सुरू. प्रौढ झाल्यावर कात टाकणं कायमचं बंद. दक्षिणेकडचं अंटार्क्टिक क्रिल, म्हणजे तिथला कोळंबीसारखा प्राणी, याच्या उलट, ते मोठेपणीही कात टाकत राहतं आणि उपासमार झाली तर कात टाकून चक्क आधीपेक्षा लहान होतं, म्हणून क्रिलवर वाचलेलं सगळं इथे लावू नका. चरबी साठायला लागते ती मुख्यतः मोठ्या कोपेपोडाइट अवस्थांमध्ये, सी-४ आणि सी-५ ला जास्तच, आणि ती असते एका लांबट पारदर्शक पिशवीत, आतड्याला लागून. रासायनिक दृष्टीने हे बहुतांशी वॅक्स एस्टर, म्हणजे मेणाच्या जातीची चरबी, हिवाळ्यात महिनोन्‌महिने खोल पाण्यात निपचित पडून राहायचं असतं त्यासाठी जमवलेली.

जाळं कुठलं? डब्ल्यूपी-२ नावाचं जाळं बहुतेक ठिकाणी असतं, तोंड पाव चौरस मीटर, जाळी २०० मायक्रॉन, आणि ते सरळ खालून वर साधारण सेकंदाला अर्धा मीटर वेगाने ओढायचं. थरवार नमुने हवे असतील तर मल्टीनेट, म्हणजे वेगवेगळ्या खोलीवर एकेक करून उघडणाऱ्या जाळ्यांचा संच. पण नॉप्लियसही मोजायचे असतील तर २०० मायक्रॉनमधून ते आरामात निसटतात, ६३ मायक्रॉनच्या आसपासची बारीक जाळी घ्या. कुठलीही जाळी घेतलीत तरी तळाजवळून पृष्ठभागापर्यंत अख्खा पाण्याचा स्तंभ घ्या, हे मी परत परत सांगते, कारण जुलै-ऑगस्टपासून भरलेले सी-५ खाली उतरायला लागतात आणि हडकुळे अजून वरच खात बसलेले असतात, त्यामुळे तुम्ही फक्त वरचे ५० मीटर घेतलेत तर तुमच्या हाती हडकुळेच लागतील आणि निष्कर्ष निघेल की या वर्षी चरबी नाही. चरबी होती, ती खाली गेली होती.

जाळं वर आलं की घाई नको पण वेळही घालवू नका. जाळ्याच्या बुडाशी असलेल्या डब्यातला माल लगेच मोठ्या बादलीत, त्याच जागेच्या थंड समुद्राच्या पाण्यात मोकळा करा, खूप दाटीवाटी झाली तर ऑक्सिजन संपून मरतात. बादली थंड ठेवा, शून्य ते चार डिग्रीच्या आसपास, थंड खोली असेल तर उत्तम नाहीतर बर्फात बुडवून. फोटो जिवंत प्राण्यांचे आणि शक्यतो त्याच दिवशी काढायचे. फॉर्मॅलिनमधले नमुने मोजणीला आणि अवस्था ओळखायला चालतात, त्यासाठी समुद्राच्या पाण्यात बनवलेलं ४ टक्के बफर केलेलं फॉर्मॅलिन वापरतात, पण पिशवी मोजायला ते घेऊ नका. गोठवून परत वितळवलेल्या प्राण्यांचंही तेच, पिशवी फुटते, तेल पसरतं, कडाच दिसत नाही.

अवस्था ओळखायला पोहण्याच्या पायांच्या जोड्या मोजा, सी-१ ला दोन, सी-२ ला तीन, सी-३ ला चार, सी-४ पासून पाच. सी-४ आणि सी-५ मध्ये फरक शेपटीकडच्या भागात, सी-४ ला तीन खंड आणि सी-५ ला चार. प्रौढ मादीलाही चारच असतात, तिथे नवीन लोक फसतात, पण तिचा पहिला खंड फुगीर असतो, एकदा नीट दाखवून घेतला की नंतर चुकत नाही. नराला पाच.

प्रजाती ओळखणं हा मात्र खरा त्रास आहे. न्यू-ओलेसुंदजवळच्या कोंग्सफ्योर्ड या खाडीत अटलांटिकचं कोमट पाणी आत येतं, त्याच्याबरोबर कॅलॅनस फिनमार्किकस येतो, आणि तिथेच आर्क्टिक किनारपट्टीचा कॅलॅनस ग्लेशियालिस असतो. तिसरा कॅलॅनस हायपरबोरियस, खोल पाण्यातला, आकाराने बराच मोठा आणि धडाच्या शेवटच्या खंडाचे कोपरे टोकदार, तो चटकन वेगळा काढता येतो. पहिल्या दोघांसाठी वर्षानुवर्षं लांबीची सीमारेषा वापरली जायची, सी-५ च्या धडाची (शेपटीकडचा भाग सोडून उरलेल्या शरीराची) लांबी साधारण २.९ मिलिमीटरच्या खाली असेल तर फिनमार्किकस आणि वर असेल तर ग्लेशियालिस, पण डीएनए तपासल्यावर कळलं की दोघांची मापं चांगलीच एकमेकांत मिसळतात. मिशांचा, म्हणजे डोक्यावरच्या लांब स्पर्शिकांचा, लाल रंगही ओळखीसाठी सगळीकडे भरवशाचा नाही. म्हणून माझं मत सरळ आहे, फोटो काढून झाल्यावर काही प्राणी अल्कोहोलमध्ये डीएनएसाठी ठेवा, ते शक्य नसेल तर पेपरमध्ये 'लांबीवरून ओळखले' असं स्पष्ट लिहा.

आता फोटो. काचेच्या बशीत गाळलेल्या थंड समुद्राच्या पाण्याचा थेंब, त्यात एक प्राणी. कोपेपॉड बहुतेक वेळा आपोआप कुशीवर पडतो आणि आपल्याला तेच हवं असतं, कारण सगळी मापं बाजूने दिसणाऱ्या आकृतीवर बसवलेली आहेत. फारच वळवळत असेल तर एमएस-२२२ नावाचं भूल देणारं औषध अगदी थोडं वापरतात. उजेड खालून द्या, पिशवीची कड स्वच्छ दिसते. फोकस पिशवीच्या कडेवर करा, मिशांवर नाही. आणि त्याच झूमवर स्टेज मायक्रोमीटरचा, म्हणजे त्या काचेवरच्या बारीक पट्टीचा फोटो, झूम बदलला की परत एक. हा पट्टीचा फोटो नसेल तर बाकीचे सगळे फोटो फक्त बघायला छान, मोजायला शून्य. दिव्याच्या गरमीने थेंब पटकन तापतो, त्यामुळे एका प्राण्यावर फार वेळ घालवू नका.

मोजायला इमेजजे हे फुकट सॉफ्टवेअर पुरतं. आधी पट्टीवरून स्केल सेट करा, मग धडाची लांबी, म्हणजे डोक्याच्या टोकापासून शेपटीचा भाग सुरू होतो तिथपर्यंत, मग धडाचं क्षेत्रफळ, मग पिशवीची कड हाताने गिरवून तिचं क्षेत्रफळ. ग्लेशियालिस, फिनमार्किकस वगैरेसाठी २०१० साली प्रसिद्ध झालेलं एक सोपं सूत्र आहे: पिशवीचं क्षेत्रफळ चौरस मिलिमीटरमध्ये घ्यायचं, त्याचा १.३८ वा घात काढायचा आणि ०.१९७ ने गुणायचं, उत्तर मिलिग्रॅममध्ये एकूण चरबी. म्हणजे पिशवी १ चौरस मिलिमीटर असेल तर ०.१९७ मिलिग्रॅम, अर्धा असेल तर साधारण ०.०७६, दोन असेल तर ०.५१ च्या आसपास. क्षेत्रफळ दुप्पट झालं की चरबी दुपटीहून बरीच जास्त होते, कारण पिशवी रुंद होते तशी जाडही होते. याचाच दुसरा अर्थ असा की गिरवताना क्षेत्रफळात १० टक्के चूक झाली तर चरबीत ती १४ टक्के होऊन बसते, त्यामुळे हात स्थिर ठेवा, आणि काही फोटो दुसऱ्या माणसाकडून, तुमचे आकडे न दाखवता, परत मोजून घ्या. पिशवीला सिलिंडर समजून क्षेत्रफळ आणि लांबीवरून घनफळ काढायची जुनी रीतही आहे, दोन्हींची उत्तरं वेगळी येतात, एका अभ्यासात एकच रीत वापरा. आणि हे सूत्र अंटार्क्टिकच्या कोपेपॉडना तसंच लावू नका, तिथे कॅलॅनॉइडिस अक्यूटस वॅक्स एस्टर साठवतो पण कॅलॅनस प्रॉपिंक्वस मुख्यतः ट्रायग्लिसराइड, म्हणजे साध्या तेला-तुपातली चरबी, प्राणी वेगळा आणि चरबीही वेगळी.

मला सगळ्यात उपयोगी वाटणारा आकडा मिलिग्रॅमचा नाहीच, तो आहे पिशवीचं क्षेत्रफळ भागिले धडाचं क्षेत्रफळ. याने लहान-मोठ्या प्राण्यांची तुलना करता येते, आणि धडाची लांबी शेजारच्या कॉलममध्ये असली की वर म्हटलेली दोन्ही खाती समोर दिसतात. अवस्थावार वेगळं मांडा, सी-४ आणि सी-५ एकत्र करून सरासरी काढली तर काहीच कळत नाही.

प्रत्यक्ष वाढीचा वेग हवा असेल तर फोटो पुरत नाहीत. एक मार्ग म्हणजे एकाच अवस्थेचे प्राणी वेगळे काढून त्याच थंडीत, त्याच समुद्राच्या पाण्यात ठेवायचे आणि दिवसाला किती जणांनी कात टाकली ते मोजायचं, सोबत दोन लागोपाठच्या अवस्थांचं कोरडं वजन. वजनासाठी प्राणी डिस्टिल्ड पाण्यातून पटकन बुडवून काढायचा नाहीतर मीठच वजनात येतं, मग ६० डिग्रीला सुकवून मायक्रोबॅलन्स या अतिसूक्ष्म वजनकाट्यावर. प्रौढ मादीत कात टाकणं नाही, तिची वाढ अंड्यांत जाते, म्हणून तिला २४ तास वेगळं ठेवून अंडी मोजतात, खाली जाळी ठेवायला विसरू नका कारण त्या स्वतःचीच अंडी खातात.

आकडे हातात आले की तारीख आणि बर्फ बघितल्याशिवाय अर्थ लावू नका. स्वालबार्डच्याच रिजपफ्योर्ड खाडीतल्या एका अभ्यासात बर्फाखालचं शेवाळ एप्रिलअखेर फुललं आणि पाण्यातलं शेवाळ त्यानंतर सुमारे दोन महिन्यांनी, ग्लेशियालिसच्या माद्यांनी पहिल्यावर अंडी घातली आणि पिल्लं दुसऱ्यावर वाढली. तिथे मे महिन्यात रिकामी पिशवी दिसली तर ती मादी उपाशी आहे असं नाही, तिने साठा अंड्यांत घातलेला असू शकतो. हायपरबोरियस तर भर हिवाळ्यात खोल पाण्यात काहीही न खाता साठवलेल्या चरबीवर अंडी घालतो, त्याच्या माद्या वसंतात हडकलेल्या असणारच. पण सप्टेंबरमध्ये खोल पाण्यातला सी-५ रिकामा निघाला तर मात्र काळजीने बघा, पुढचे कित्येक महिने त्याला खायला काही नाही. आणि एखाद्या वर्षी सरासरी चरबी घसरली तर आधी प्रजातींचं प्रमाण तपासा, फिनमार्किकस वाढले की प्रत्येक ग्लेशियालिस पूर्वीइतकाच भरलेला असूनही सरासरी खाली येते, आणि लिटल ऑकला तेवढ्याच चरबीसाठी कितीतरी जास्त प्राणी पकडावे लागतात.

फाइलला नाव देताना तारीख, स्टेशन, खोली, अवस्था आणि प्राण्याचा नंबर सगळं नावातच घाला, मूळ फोटो आणि पट्टीचा फोटो एकाच फोल्डरमध्ये न कापता ठेवा, म्हणजे पुढे कुणी चांगलं सूत्र काढलं तर तेच प्राणी परत मोजता येतील.