कुंडीतल्या ऑर्किडला मुंग्या लागल्या, आता काय करायचं?

ऑर्किडच्या कुंडीवर मुंग्यांची रांग दिसली की हात आधी पावडरच्या डब्याकडे जातो. डबा जरा बाजूला ठेवा. आपल्याकडच्या मुंग्या ऑर्किडची पानं सहसा खात नाहीत. त्या येतात त्याला बहुतेक वेळा तीनपैकी एक कारण असतं: कळीवरचा गोड रस, पिठ्या ढेकणाने टाकलेला चिकटा, नाहीतर बिऱ्हाड थाटायला मिळालेली कोरडी कुंडी. पहिल्या कारणाला औषधच लागत नाही. दुसऱ्यात मुंग्या मारून भागत नाही आणि तिसऱ्यात वरून काहीही फवारलं तरी आत पोचत नाही. म्हणून आधी कारण शोधायचं.

आधी रांगेच्या मागे जा

सकाळी ऊन चढायच्या आत कुंडी उजेडात घ्या आणि मुंग्या कुठे थांबतात ते पाहा.

कळ्यांवर, फुलाच्या देठाशी किंवा पाकळीच्या मागे त्या घुटमळत असतील, तिथे काचेसारखे स्वच्छ थेंब असतील आणि दुसरा कुठलाही किडा नसेल, तर तो झाडाचाच रस आहे. बऱ्याच ऑर्किडच्या कळ्यांवर तो येतो. मुंग्यांना खाऊ देऊन कळ्या कुरतडणाऱ्या किड्यांपासून राखण करून घ्यायची, असा झाडाचा व्यवहार. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या एका ऑर्किडने तर यावर कडी केली आहे. त्याच्या पोकळ कंदांत मुंग्याच राहतात आणि त्यांनी आत साठवलेल्या कचऱ्यातून झाडाला पोषण मिळतं. तेव्हा कळीवर चार मुंग्या दिसल्या तर घाबरू नका. फारच चिकट झालं तर साध्या पाण्याचा फवारा मारा. फुलं घरात आणायची असतील तर आणण्याआधी देठ धुवा, एवढंच.

पण पानं हाताला चिकट लागतात, खालच्या पानांवर काजळीसारखा काळा थर आहे आणि बेचक्यांत कापसासारखे पांढरे पुंजके आहेत, तर मामला वेगळा. कापूस पिकवणाऱ्या घरांत हा चिकटा काय ते सांगायची गरज नाही. पिठ्या ढेकूण, म्हणजे मिलीबग, रस शोषतो आणि गोड चिकटा टाकतो. मुंग्या तो चाटतात, बदल्यात त्याच्या शत्रूंना हाकलतात. खवले कीड आणि मावा यांच्याशीही त्यांचं हेच साटंलोटं असतं. डेंड्रोबियम या ऑर्किडच्या प्रकारात कांडीवरचं वाळलेलं पापुद्र्यासारखं आवरण हलकेच सोलून पाहा, ढेकूण हमखास त्याखाली असतो. फॅलेनोप्सिस या प्रकारात पानाची मागची बाजू आणि मधली शीर पाहा.

तिसरी खूण अशी की मुंग्या तळाच्या भोकातून ये-जा करतात आणि भोकाशी भुशासारखा बारीक चुरा पडलेला असतो. कुंडीला टिचकी मारा. अंडी तोंडात धरून पळापळ सुरू झाली तर आत वारूळच आहे. बास्केटमध्ये नुसतं लटकणाऱ्या व्हांडा ऑर्किडला ही अडचण येत नाही, कारण घर करायला आत काही नसतंच. तिथे मुंग्या दिसल्या तर रस किंवा ढेकूण, यातलंच एक.

वारूळ असेल तर कुंडी बुडवा

कुंडी मावेल एवढी बादली घ्या आणि पाणी कुंडीच्या काठापर्यंत येईल असं भरा. नारळाची सालपटं आणि कोळसा तरंगतात, म्हणून वरून जाळीचा तुकडा बांधा. वीस ते तीस मिनिटं कुंडी पाण्यात राहू द्या. मुंग्या अंडी घेऊन वर येतील आणि पानांवर चढतील. हे टाळायचं तर कुंडीच्या काठावरून बादलीबाहेर एक काडी टेकवा आणि तिचं दुसरं टोक साबणाच्या पाण्याच्या ताटलीत सोडा. पुष्कळशा मुंग्या त्याच वाटेने उतरतात.

मुंगीचं अंग पाण्याने चटकन भिजत नाही. साध्या पाण्याने भागलं नाही तर भांडी घासायच्या सौम्य लिक्विडचे दोन-तीन थेंब टाका, मग मात्र कुंडी स्वच्छ पाण्याने भरपूर धुवून काढा. हे सगळं सकाळीच करा. संध्याकाळी केलं तर गाभ्यात पाणी साचून झाड सडू शकतं. फॅलेनोप्सिसच्या गाभ्यातलं पाणी कागदाने टिपून घ्या. आठवड्याने पुन्हा एकदा बुडवा, कारण पहिल्या वेळी बाहेर फिरायला गेलेल्या मुंग्या परत येतात.

नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात बादलीभर पाणी ओतून देणं जिवावर येतं. ते अंगणातल्या कडुनिंबाला घाला. त्याच पाण्यात दुसरं ऑर्किड मात्र बुडवू नका, एका कुंडीतली बुरशी दुसरीत जाते.

एवढं करूनही मुंग्या परत येत असतील तर आतला माल कुजून त्याचा चुरा झाला आहे असं समजा आणि कुंडी बदला. एप्रिल-मेच्या चाळिशीपार उन्हात हे काम काढू नका. पावसाच्या सुरुवातीला नवी मुळं फुटत असताना काढा. जुनं सगळं झटकून टाका, पोकळ मुळं ज्योतीवर तापवून गार केलेल्या कात्रीने कापा आणि कोळसा, विटांचे तुकडे, नारळाची सालपटं असं मिश्रण भरा. सालपटं आधी दिवसभर भिजत घालून पाणी दोनदा बदला. पुण्या-कोकणाकडे नुसता कोळसा-विटा चालून जातं, आपल्या मराठवाड्याच्या कोरड्या हवेत थोडी सालपटं हवीतच. पण ती सतत कोरडी पडली की मुंग्यांना आमंत्रण. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ पाणी देणाऱ्यांच्या कुंडीत वारूळ क्वचितच होतं.

ढेकूण असेल तर मुंग्यांना विसरा

आधी ढेकूण काढा. मेडिकलमधलं सर्जिकल स्पिरिट कानाच्या काडीवर घेऊन प्रत्येक पुंजका टिपा. पुंजके थोडेच असतील तर एवढंच पुरतं. दर सात दिवसांनी, तीन-चार वेळा हे केलंच पाहिजे, कारण अंड्यांतून नवी पिल्लं निघत राहतात. बहुतेक लोक पहिल्या वेळेनंतर थांबतात आणि मग औषध लागू पडलं नाही म्हणतात.

जास्त असेल तर लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि ते मिसळण्यापुरता साबण घालून फवारा, तोही ऊन उतरल्यावर. आपल्या उन्हात तेल लागलेलं पान भाजतं. फुलांवर फवारू नका. एक सावधगिरी: पांढऱ्या झालरीची पण ढेकणापेक्षा मोठी, भराभर चालणारी अळी दिसली तर मारू नका. ती क्रिप्टोलेमस या ढालकिड्याची अळी असू शकते आणि ती मिलीबगच खाते. मुंग्या हटल्या की तिला काम करता येतं.

मग आजूबाजूला नजर टाका. जास्वंद, सीताफळ, कुंपणाशी वाढलेलं गाजर गवत आणि घराला लागून रचलेली पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, ही मिलीबगची माहेरघरं. जास्वंदीच्या शेजारची ऑर्किडं तेवढी हलवा, गाजर गवत उपटा.

मुंग्यांची वाट तोडा

जुन्या घरांत दुभत्याच्या कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या असायच्या. स्टँडला तेच करा. वाट्या आठवड्यातून एकदा रिकाम्या करून घासून वाळवा, नाहीतर त्यांत डेंग्यूचे डास होतील. लटकत्या कुंडीच्या तारेला ग्रीस लावा. धुळीने ते लवकर निकामी होतं, तेव्हा पुन्हा लावत राहा. एखादं पान भिंतीला किंवा शेडनेटला टेकलं असेल तर हा सगळा बंदोबस्त फुकट.

मृगाच्या आसपास जमिनीतली वारुळं भिजतात आणि मुंग्या उंच, कोरडी जागा शोधतात. म्हणून ही तयारी मेअखेरीस झालेली बरी.

आमिष

घरभर मुंग्या असतील तर अर्धा लिटर कोमट पाण्यात दहा चमचे साखर आणि एक सपाट चमचा बोरिक पावडर विरघळवा. पावडर याहून वाढवू नका. जहाल झालं तर मुंगी वाटेतच मरते, आपल्याला तर तिने ते वारुळापर्यंत न्यायला हवं आहे. या पाण्यात भिजवलेला कापूस भोकं पाडलेल्या झाकणाच्या डबीत घालून मुंग्यांच्या वाटेवर ठेवा. लेकरं, मांजर, खार यांच्या तोंडी लागणार नाही अशी जागा निवडा. पहिले दोन दिवस गर्दी वाढेल, वाढू द्या. मुंग्या गोडाला तोंड लावत नसतील तर शेंगदाण्याच्या कुटात चिमूटभर बोरिक मिसळून पाहा. हे मिश्रण कुंडीत मात्र कधीच टाकू नका. बोरॉन जास्त झालं की झाडाची पानं टोकांकडून जळतात.

हे करू नका

मीठ, व्हिनेगर आणि उकळतं पाणी मुळांचं वाटोळं करतात. हळद थोडा वेळ वाट अडवते, पाणी दिलं की गेली. दालचिनीची पूड मुळांवर पडली तर ती सुकतात. मुंग्यांचा खडू स्टँडच्या पायावर ओढला तर एक वेळ ठीक, कुंडीच्या काठावर नको. गावाकडच्या फडताळात अजून कुठे गॅमेक्झिन या जुन्या कीटकनाशकाचा डबा निघतो. त्यातलं लिंडेन वापरायला 2013 पासून देशात बंदी आहे, तो उघडूच नका.

कपाशीच्या तुडतुड्यांसाठी आणलेलं औषध घरात असतं आणि मोह होतो. त्याचं माप एकराच्या हिशेबाने दिलेलं असतं, चार कुंड्यांसाठी ते मोजताना चूक ठरलेली, आणि फुलावर आलेल्या झाडावर मारलं तर मधमाश्या जातात. वरचं सगळं करूनही ढेकूण हटला नाही, तर किडलेलं पान प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागात दाखवा आणि औषधाचं नाव व माप तिथूनच लिहून घ्या.